रांग तीन, खण पाच

"या बाई, बसा. चहा घेणार का?"

स्वतःच्या घरात, स्वतःच्या बापाकडून, सकाळी सव्वासातला हे ऐकायचं म्हणजे अंगाची लाही होते. केतकी मगदूमची ती रोज होत होती. चहा तिनंच केलेला, कपही तिच्याच हातात, आणि आप्पा तिला पाहुणी आल्यासारखी खुर्ची दाखवत होते.

"आप्पा, मी आहे."

आप्पांनी चष्म्यातून तिच्याकडे बघितलं. चष्म्याच्या दांडीवरचा बारीक हिरवा दिवा लुकलुकला आणि आप्पांनी मान जराशी कलती केली. कानामागचं यंत्र बोलत होतं. काय बोलत होतं ते केतकीला पाठ होतं. ही केतकी. तुमची मुलगी. तुम्ही हिच्याच घरी राहता.

"हां हां, केतकी," आप्पा म्हणाले. "यंत्र म्हणतंय मुलगी आहे, तर असेल बाबा. बरं चाललंय ना तुमचं?"

आता यात यंत्राचा दोष काय? खरं बघायला गेलं तर केतकी हे नाव तिचं नव्हतंच. चोवीस वर्षं ती शीतल चौगुले होती. लग्नात ताटातल्या तांदळावर सासरच्यांनी अंगठीनं 'केतकी' लिहिलं, तिनं पेढा खाल्ला, विषय संपला. आप्पांनी मात्र ते नाव कधी तोंडातून काढलं नाही. जावयासमोर शीतल, व्याह्यांसमोर शीतल. पुढं आई गेली, आप्पांना विसर पडायला लागला, एकदा गॅस चालू ठेवून ते पार जुन्या पाण्याच्या टाकीपर्यंत चालत गेले, तेव्हा स्मरणी लावायची ठरली. फॉर्मवर रकाना होता: कुटुंबीयांची नावं, ओळखपत्राप्रमाणे. तिनं ओळखपत्राप्रमाणे भरली. तिथंच माशी शिंकली.

त्यानंतर चौदा महिने ती पुण्याच्या मुख्यालयाला अर्ज करत होती, की माझ्या वडिलांच्या स्मरणीत माझं नाव शीतल करा. उत्तर दर वेळी तेच. नोंदणीनंतर नाव बदलल्यास त्या व्यक्तीशी जोडलेले स्मृतिधागे तुटण्याची शक्यता असते, सबब विनंती विचाराधीन आहे. कहर म्हणजे हे धागे ज्या साठ्यात ठेवलेले होते, तो मिरजेचा साठा सांभाळायला केतकीच होती. सात वर्षं. स्वतःच्या ताटातलं मीठ बदलायला पुण्याची परवानगी.

तिनं आप्पांपुढं बिस्किटं ठेवली, शेजारच्या मुल्लाणी भाभींना जाता-येता लक्ष ठेवायला सांगितलं आणि ती कामावर निघाली.

स्मरणी म्हणजे काही जादू नव्हे. चष्म्याला एक डोळा, कानामागं वाटाण्याएवढं बोलकं यंत्र. डोळा चेहरा बघतो, साठ्याला विचारतो, साठा सांगतो, वाटाणा कुजबुजतो. विसराळूपणाच्या आजारावर औषध सापडेना, तेव्हा लोकांनी ही काठी शोधली. तीन जिल्ह्यांतली नऊशे माणसं त्या काठीवर चालत होती.

साठ्यात अठ्ठेचाळीस डिस्क होत्या. सहा रांगा, दर रांगेत आठ खण. पण अमक्याची आठवण अमक्या डिस्कवर, असं तिथं नसे. साठा सगळ्या डिस्क मिळून एकच कोठार धरायचा आणि प्रत्येक आठवणीचे तुकडे करून ते वाटून टाकायचा. प्रत्येक तुकडा दोन वेगवेगळ्या डिस्कवर. एक डिस्क मेली तर साठा दुसरीवरचे तुकडे वाचून त्यांची नवी प्रत करायचा. त्याला भरणी म्हणत. भरणी पूर्ण होईपर्यंत मात्र त्या तुकड्यांची एकच प्रत जगात असायची. तेवढ्यात दुसरी डिस्क गेली, की ज्या तुकड्यांच्या दोन्ही प्रती त्या दोघींवरच होत्या ते कायमचे गेले.

त्या दिवशी केतकी पोचली तेव्हा पडद्यावर तांबडी ओळ आलेलीच होती. 'रांग ३ खण ५' ही डिस्क शेवटच्या घटका मोजत होती.

"मगदूम मॅडम, बघितलंत ना?" सबनीस पडद्यावर हजर होते. पुण्याचे तांत्रिक प्रमुख. वयानं तिच्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान, आणि बोलण्यात कायम पुढच्या बैठकीला उशीर झाल्याची घाई. "साठा मंदावलाय, तीन जिल्ह्यांतून तक्रारी येतायत. खण पाचमधली काढा, नवीन घाला. मला अकराला बैठक आहे."

"काढते."

चालू साठ्यातून काढलेली डिस्क पुन्हा लावायला परवानगी नव्हती. लोकांच्या खासगी आठवणी, त्यामुळं कायदा कडक. डिस्क बाहेर आली की पाच मिनिटांत तिचा चुरा करायचा, आणि चुऱ्याचा फोटो पाठवायचा. केतकीनं हातमोजे चढवले, तिसऱ्या रांगेचं दार उघडलं आणि पाचव्या खणाच्या मुठीला हात घातला.

"मॅडम." मागं बापू केर्ले उभा होता. पहारा, साफसफाई, जनरेटर, सगळं बघणारा, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेला माणूस. "एक सांगू का? रागावणार नसला तर."

"बापू, आत्ता?"

"आत्ताच सांगायला पाहिजे." बापूनं टोपी काढून हातात घेतली. "खंडेनवमीला वर्षाची देखभाल होती बघा. साठा दोन तास बंद होता. तुम्ही पुण्याच्या फोनवर होता. दरसाल आपण बाहेरनं कपाटाला हळदकुंकू लावतो, माळ घालतो. मला वाटलं, हत्यारांची पूजा म्हणजे हत्यार बाहेर काढून करायची. कपाटाची कसली पूजा? मग मी तिसरी रांग काढली. टेबलावर मांडली. पुसली, हळदकुंकू लावलं, झेंडू वाहिला."

केतकीचा हात मुठीवर तसाच होता. "आणि परत लावताना?"

"आठच होत्या, मॅडम. लावल्या की. पण कुठली कुठं होती ते..." बापूनं खाली बघितलं. "साठा सुरू झाला, काय ओरडला नाही. मला वाटलं बरोबर लागल्या."

केतकीनं मूठ सोडली, दोन पावलं मागं आली आणि खुर्चीत बसली. बापूला चार शिव्या घालाव्यात असं फार वाटलं, पण त्या बिचाऱ्यानं पूजाच केली होती.

साठा ओरडणार कसा? प्रत्येक डिस्कला दोन ओळखी असतात. एक जन्मक्रमांक, कारखान्यात आत कोरलेला, कधीही न बदलणारा. साठा फक्त तेवढाच मानतो. डिस्क पहिल्या खणात लावा नाहीतर सातव्या, साठा क्रमांक वाचतो आणि आपलं माणूस ओळखतो. दुसरी ओळख म्हणजे नाव. ते माणसांच्या सोयीसाठी. कारखान्यातून सगळ्या डिस्क एकाच नावानं आलेल्या, म्हणून बसवणाऱ्यांनी त्यांना खणांची नावं दिली. नाव डिस्कबरोबर फिरतं. खंडेनवमीपासून तिसऱ्या रांगेतली डिस्क 'खण ५' म्हणवून घेत होती खरी, पण बसली होती कुठं ते कुणालाच ठाऊक नव्हतं. पाचव्या खणात कुणीतरी भलतीच होती. निरोगी. तिचा चुरा झाला असता आणि आजारी डिस्क तासाभरात आपल्या मरणानं गेली असती, तर दोघींवर मिळून असलेल्या आठवणी संपल्या असत्या. नऊशे माणसांतल्या कुणाच्याही. आप्पांच्याही.

तिनं सबनिसांना पुन्हा बोलावलं आणि सगळं सांगितलं, बापूचं नाव सोडून.

"मॅडम, पण नाव लिहिलंय ना स्पष्ट? खण पाच."

"साहेब, नाव चुकीचं आहे. मला दुरुस्तीची किल्ली द्या. जन्मक्रमांकावरून डिस्कचा दिवा लावते, कुठली ते बघते, नावं दुरुस्त करते, मग काढते."

"चालू साठ्यात नाव बदलायचं नाही. नियम आहे. नाव बदललं की साठ्याचे दुवे तुटतात."

"कशावरून?"

"म्हणजे?"

"कधी तुटलेत? कुठं?"

सबनीस चष्मा पुसायला लागले. "तसं लिहिलंय पुस्तिकेत. मगदूम मॅडम, दोन तासांत दुरुस्ती झाली नाही तर मला वर उत्तर द्यावं लागतं. साधी गोष्ट आहे. पाच म्हणजे पाच. काढा."

भिंतीवर डोकं आपटावं असं होतं ते. चौदा महिने ज्या वाक्यानं तिला पिटाळलं होतं, तेच वाक्य आज नऊशे माणसांच्या वाटेत आडवं आलं होतं. आणि बोलणाऱ्याला त्याचा आधार माहीत नव्हता. पुस्तिकेत आहे, बस्स.

आप्पा नगरपालिकेत व्हॉल्व्हमन होते. बत्तीस वर्षं गावाचं पाणी त्यांच्या हातातल्या चावीवर. नवी माणसं कामाला आली की आप्पा त्यांना एकच धडा द्यायचे: झाकणावरचा आकडा वाचू नको, झाकणं इकडची तिकडं होतात. व्हॉल्व्ह फिरव आणि कुणाच्या नळाला पाणी येतंय ते जाऊन बघ. आणि इंजिनियर साहेब ऐकेना झाला, की आप्पांचा दुसरा उपाय असायचा. तोही तिला ठाऊक होता.

"बरं साहेब," ती म्हणाली. "काढते. फक्त एवढंच लेखी पाठवा. 'खण जुळत नसल्याचं कळवूनही खण पाचमधली डिस्क काढण्याचा आदेश मी दिला.' खाली सही."

सबनिसांनी एकदा घड्याळ बघितलं, एकदा तिच्याकडं.

"थांबा जरा," ते म्हणाले आणि गेले.

नवव्या मिनिटाला किल्ली आली. संध्याकाळी पाचपर्यंत साठ्यातली सगळी नावं तिच्यासाठी उघडी, प्रत्येक बदलाची नोंद मुख्यालयाला.

तरी तिनं थेट आजारी डिस्कला हात लावला नाही. पुस्तिका खरी निघाली तर? सहाव्या रांगेत शेवटच्या खणात एक राखीव डिस्क होती. साठ्यात सामील, पण अजून कोरी. तुटलं तर तिचं काहीच तुटणार नव्हतं. नावावरून न निवडता तिनं जन्मक्रमांक टाकला, बापूनं तो पडद्यावरून दोनदा वाचून दाखवला, आणि तिनं 'राखीव'चं 'राखीव एक' केलं. पडद्यावर नाव बदललं. बाकी काही हललं नाही. साठ्याला पत्ताही नव्हता.

"झालं?" बापूनं विचारलं.

"झालं."

"एवढ्यासाठी एवढं रामायण?"

केतकीच्या डोक्यात दुसरंच काहीतरी फिरायला लागलं होतं, ते तिनं बाजूला सारलं.

मग आजारी डिस्क. जन्मक्रमांक टाकून तिनं दिवा लावायला सांगितला. तिसऱ्या रांगेत कुठंच काही लागेना. दोघं वाकून बघत राहिले. शेवटी बापूनंच ओलं फडकं आणलं आणि एकेका खणावरचं वाळलेलं कुंकू पुसत गेला. दुसऱ्या खणावरचं कुंकू निघालं, आणि खाली निळा दिवा उघडझाप करत होता.

"दोन," बापू म्हणाला. "मॅडम, ही दोनमध्ये होती."

आधी तिचं नाव बदललं. 'काढायची, खण दोन.' साठा जागच्या जागी. मग दिवा पुन्हा लावून बघितला, तोच खण. मग काढली. चुरा झाला, फोटो गेला, नवी डिस्क बसली, तिला नाव दिलं, आणि भरणी सुरू झाली. साठ्यानं ताकद वाचवायला ओळखीची कुजबुज थांबवली. गॅस, रस्ता, औषधं, एवढ्या सूचना चालू. चेहऱ्यांची नावं संध्याकाळपर्यंत बंद. नऊशे घरांत तसा निरोप गेला.

आप्पांचं काय होत असेल, या धास्तीनं ती जेवणाच्या सुट्टीत घरी पळाली.

आप्पा दारातच बसले होते. चष्म्याचा दिवा पिवळा.

"शीतल," ते म्हणाले, "एवढ्या दुपारची कुठनं उगवलीस गं? जेवलीस का? किती वाळलीयस."

केतकी एका पायातली चप्पल हातात धरून तशीच उभी राहिली. "जेवायलाच आले, आप्पा."

"मग ये की आत. दारात का उभी?"

जेवताना आप्पांनी विचारलं, "तुझी आई कुठं गेली?" ती म्हणाली, बाजारात. भात कालवताना पुन्हा विचारलं. ताक पिताना तिसऱ्यांदा. तिसऱ्यांदा तिनं खरं सांगितलं, आणि आप्पांच्या तोंडावर जे आलं ते तिला बघवेना. यंत्र ही गोष्ट फार जपून सांगायचं. सुमन सहा वर्षांपूर्वी गेल्या, तुम्ही शेवटपर्यंत त्यांच्याजवळ होतात. आप्पा ऐकायचे, मान हलवायचे, जेवायचे. तिला ते जमलं नव्हतं. म्हणजे यंत्र काढून फेकून द्यायची सोय नव्हती.

पण परत जाताना रिक्षात तिचा संताप मावेना. गेले चौदा महिने आप्पा तिला ओळखत होते. निदान अधूनमधून तरी ओळखत होते. त्यांच्या ओठांवर शीतल यायच्या आत यंत्र मध्ये तोंड घालत होतं, ही केतकी म्हणून. आणि आप्पा शहाणे, स्वतःच्या डोळ्यांपेक्षा यंत्रावर विश्वास ठेवत होते. बत्तीस वर्षं झाकणावरचा आकडा न वाचणारा माणूस. त्यांना तिनंच सांगितलं होतं की आप्पा, आता हे सांगेल ते ऐकायचं.

तिसऱ्या रांगेतल्या उरलेल्या सात डिस्कची नावं दुपारी दुरुस्त झाली. बापूनं बाकीच्या दिव्यांवरचंही कुंकू पुसलं होतं. ती क्रमांक टाकायची, दिवा लागायचा, बापू कपाटाशी उभा राहून ओरडायचा, "सात, मॅडम." "एक." "ही आठ." प्रत्येक नाव बदलल्यावर ती मिनिटभर थांबून साठ्याकडं बघायची. भरणी चालूच होती, एकही दुवा तुटला नाही. शेवटची डिस्क झाली तेव्हा चार वाजून चाळीस मिनिटं झाली होती. बदललेल्या नावांच्या यादीत दहा नोंदी होत्या.

"बापू, चहा सांगता का?"

बापू गेला. तिनं आप्पांची नोंद उघडली. किल्लीनं ती उघडली हे बघून तिला धडकीच भरली. सात वर्षांत तिनं एकही नियम मोडला नव्हता. व्यक्तिक्रमांक, खाली फोटो, आवाज, अकरा हजार चारशे संभाषणं. नातं: मुलगी. नाव: केतकी. तीच रचना. क्रमांक साठ्यासाठी, नाव माणसांसाठी. पुण्याला हे माहीत नव्हतं असं नाही. कुणी बघायचे कष्ट घेतले नव्हते, इतकंच. चौदा महिने.

तिनं क्रमांक स्वतःच दोनदा वाचला. मग नाव खोडलं आणि शीतल लिहिलं. अकरा हजार चारशे संभाषणं होती तशीच खाली उभी होती.

बापू चहा घेऊन आला तेव्हा ती डोळे पुसत होती. त्यानं कप ठेवला आणि फडकं घेऊन कपाटावरचं उरलेलं कुंकू पुसायला गेला.

साडेसहाला भरणी पूर्ण झाली. ती घरी पोचली, आमटी गरम केली, ताट वाढायला घेतलं, तेवढ्यात फोन वाजला. सबनिसांचा निरोप होता: 'अकरावी नोंद डिस्कची दिसत नाही. तातडीने लेखी खुलासा करा.'

आता चौकशी होणार होती. कदाचित मिरजेचं काम जाणार होतं, कदाचित नाव पुन्हा होतं तसं होणार होतं. तिनं उभ्या उभ्याच उत्तर लिहिलं: 'झाकणावर चुकीचं नाव होतं. दुरुस्त केलं. धागे तपासून घ्यावेत, सगळे शाबूत आहेत.' पाठवलं आणि फोन पालथा ठेवला.

ताट घेऊन ती बाहेर आली. आप्पांच्या चष्म्याचा दिवा हिरवा झाला होता. त्यांनी तिच्याकडं बघितलं, दिवा लुकलुकला, मान कलती झाली. केतकी ताट धरून उभी राहिली. आमटीची वाटी हलत होती.

आप्पांच्या कपाळाला आठी पडली. त्यांनी कानामागं हात नेला आणि वाटाणा चिमटीत धरून हलवला, डास झटकावा तसा.

"आता याला काय म्हणावं?" ते चिडून म्हणाले. "हे मला सांगतंय, ही शीतल, तुमची मुलगी. माझी पोरगी मला ठाऊक नाही होय? दे इकडं ते ताट, सांडशील."